चिंचेने घासलेली मोटार

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास माझ्या आईने माझी मोटार चिंच आणि राख लावून घासली. मोटार दीड हात लांब होती, लाकडाची आणि पत्र्याची. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती मुंबईच्या उपनगरातल्या एका फिल्म स्टुडिओत दाखवायची होती. तिचा धातू जुना, मळका आणि निस्तेज दिसावा यासाठी मी सव्वीस दिवस घालवले होते.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षे झाली होती. आम्ही वसईजवळ पापडीला राहत होतो. घरची वाडी होती, पानवेलीची आणि केळीची. मी तेवीस वर्षांचा होतो. शाळा संपल्यावर मी मुंबईत दुकानांच्या पाट्या रंगवत होतो. तिथून ओळखीने स्टुडिओच्या मॉडेल खात्यात रोजंदारीवर गेलो. या खात्यात लहान घरे, लहान पूल, लहान आगगाड्या बनवत आणि पडद्यावर त्या मोठ्या म्हणून दाखवत. खात्यात एक जागा कायम व्हायची होती. त्या सुमारास एका चित्रपटासाठी घाटातून कोसळणारी जुनी भाड्याची मोटार हवी होती.

मी पहिली मोटार केली ती नाकारली गेली. तिचे बंपर आणि दिव्यांच्या कड्या मी आरशासारख्या केल्या होत्या. खात्याचे प्रमुख पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी ती दिव्याखाली ठेवली आणि एकदाच पाहिली.

"वसईकर, ही रुखवतावर मांडायची मोटार आहे," ते म्हणाले. "लाडवांच्या शेजारी छान दिसेल."

लहान वस्तू चमकली की कॅमेऱ्याला तिचे माप कळते, असे त्यांनी सांगितले. खऱ्या जुन्या मोटारीचा धातू चमकत नाही. तो नुसता उजळ असतो, तोही काही ठिकाणी. शूटिंग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होते. त्या दिवशी मोटार खरी वाटली तर जागा माझी. नाही तर दुसऱ्या एका माणसाला त्यांनी निरोप धाडलेलाच होता.

घरी वडिलांचेही म्हणणे ठरलेले होते. पावसाळा संपला की वाडीला रहाटाने पाणी द्यावे लागते. रहाटावरचा आमचा गडी त्या वर्षी सोडून गेला होता. "दसऱ्यापर्यंत तुझी मोटार," वडील म्हणाले. "तिकडे जमलं तर जा, मी गडी शोधीन. नाही जमलं तर रहाटावर उभा राहा, आणि मग मुंबईचं नाव काढायचं नाही." मी कबूल केले. वडील शब्द मोडत नसत आणि दुसऱ्यालाही मोडू देत नसत.

मळका धातू कसा असतो हे मला शेजाऱ्याने शिकवले. शेजारी ख्रिस्ती होता आणि स्टेशन ते गाव अशी भाड्याची मोटार चालवत असे. आई त्याला भाऊ मानत असे, म्हणून मी त्याला मामा म्हणे. त्याची मोटार लढाईच्या आधीची होती. तिच्यासमोर उकिडवे बसून मी वहीत नोंदी केल्या. बंपर खालच्या बाजूने करडा, वरच्या बाजूने फिका. दरवाजाची मूठ फक्त जिथे हात लागतो तिथे लकाकते. समुद्राकडचा मडगार्ड दुसऱ्यापेक्षा जास्त खाल्लेला, कारण मामा मोटार नेहमी एकाच दिशेला तोंड करून उभी करी.

"वसईच्या वाऱ्यात निकेलचा मुलामा दोन पावसाळे टिकत नाही," मामा म्हणाला. "बायको टिकते, निकेल नाही."

दुसऱ्या मोटारीचा सांगाडा मी शिवणीच्या लाकडात कोरला. बंपर आणि मडगार्ड रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे केले, दिव्यांच्या कड्या आणि मुठी पितळेच्या. मग रंग. अंगाला साधा काळा, धातूसाठी मात्र खटपट. ट्रंकांना लावतात त्या चांदीच्या रंगात काजळी घातली तर तो शिशासारखा दिसतो, पण तेलामुळे चमकतो. तेल कमी आणि टर्पेंटाइन जास्त केले तर चमक जाते, पण रंग पुसला जातो. दोन्हींचे प्रमाण बसायला अकरा दिवस लागले. एक हात द्यायचा, दीड दिवस वाळू द्यायचा, दुसरा हात द्यायचा. नवमीच्या आदल्या संध्याकाळी मामाने मोटार पाहिली आणि तिच्या टपावर टिचकी मारून "भाडं काय घेतोस?" असे विचारले. काम झाले असे मी समजलो.

नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. वाडीतली सगळी हत्यारे घासून-पुसून पाटावर मांडतात: कोयते, कुदळी, पहार, पाने खुडायच्या लोखंडी नख्या. माझी कानस, पटाशी, पत्रा कापायची कात्री आणि ब्रशही वडिलांनी मांडायला सांगितले होते. ते मी पहाटेच आणून दिले. नंतर मी झेंडू आणि आंब्याचे टाळे आणायला गेलो. परत आलो तेव्हा मोटार अंगणातल्या धुण्याच्या दगडावर उन्हात ठेवलेली होती. बंपर झळकत होता.

घरात आम्ही वाडीची बोली बोलत असू. इथे ती सर्वांना कळावी म्हणून सरळ करून लिहीत आहे.

"बघ कशी झाली," आई म्हणाली. तिच्या बोटांना चिंच लागलेली होती. "पुढचं दांडकं तर निघतच नव्हतं. दोनदा घासलं."

कुणी सांगितले होते, असे मी विचारले.

"सांगायला कशाला हवं? वाहन ना ते? तुझ्या पोटापाण्याचं वाहन. नवमीला असं ठेवतात? चुलीत लोळल्यासारखं?"

"ते मुद्दाम तसं केलं होतं."

"मुद्दाम?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "मुद्दाम कोण मळवतं?"

ओट्यावरून वडील म्हणाले, "महिनाभर तो तेच करतोय. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

"मला वाटलं रंग बिघडलाय आणि पोर लाजेने सांगत नाही," आई म्हणाली. मग ती खाली बसली. "आता?"

मी आत जाऊन पाटाकडे पाहिले. माझ्या ब्रशांना हळदकुंकू लागले होते आणि त्यांच्यावर झेंडूचे फूल होते. पूजेला लावलेले हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळी सोने वाटून झाल्यावरच उचलायचे, असा आमच्या घरचा नेम होता. दसऱ्याच्या संध्याकाळी ब्रश हातात आला तरी रंग दुसऱ्या सकाळपर्यंत वाळणार नव्हता. मी वडिलांना विचारले नाही. उत्तर मला माहीत होते आणि ते विचारल्याने बदलले नसते.

एवढ्यात मामा आला. त्याला मोटारीसाठी हार हवा होता. तो ख्रिस्ती असला तरी दसऱ्याला उतारूंना हाराची मोटार लागे, आणि हार दरवर्षी आईच करून देई. दगडावरची मोटार पाहून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बाय," तो आईला म्हणाला, "माझी पण घासून दे ना अशी."

"तुझी मोठी आहे. चिंच पुरायची नाही," आई म्हणाली, पण तिला हसू आले नाही.

काय झाले ते मी त्याला सांगितले. त्याचा चेहरा बदलला. "मग बसलास काय? माझ्याकडे ब्रश आहे. माझ्या घरात नवमी नाही."

"ब्रशाची नवमी नसते रे, हाताची असते," वडील म्हणाले. "ज्याने आपली हत्यारं पूजेला लावली त्याने दुसऱ्याचं चालवायचं नाही. नाहीतर लावायचीच कशाला?"

"मग काय हा जिभेने चाटणार गाडी?"

मग आई म्हणाली, "बोटं काही मी पूजेत मांडली नाहीत."

सगळ्यांनी वडिलांकडे पाहिले. त्यांनी सुतळीत झेंडूची दोन फुले ओवली. "कुंकू बोटानेच लावतो आपण," ते म्हणाले. "बोट चालेल."

तेव्हा दहा वाजले होते. माझ्याकडे दोन दिवस होते आणि दहा बोटे.

आधी मी नुकसान पाहिले. पितळेच्या कड्या आणि मुठी सोन्यासारख्या झाल्या होत्या. मडगार्डवरचा रंग निम्मा गेला होता. काळ्या अंगावर राखेचे गोल ओरखडे होते, भांडे घासताना पडतात तसे. खऱ्या मोटारीवर असे ओरखडे कधी पडत नाहीत. हे गोल एका बाईच्या मनगटाच्या मापाचे होते आणि त्यावरून मोटारीचे माप उघड होत होते. बंपरवरचा रंग पूर्ण गेला होता आणि खालचा पत्रा चकचकत होता.

बंपर उलटा करून पाहिला तेव्हा आतल्या बाजूला, दुमडलेल्या कडेत, चिंचेचा कोळ तसाच राहिलेला दिसला. तो मी बोटाने काढला. त्याच्या खालचा पत्रा करडा पडला होता. चमक नाही, रंगही नाही; धातूच, पण खाल्लेला. तो भाग मी मामाच्या बंपरच्या खालच्या बाजूशी लावून पाहिला. सव्वीस दिवसांत मला असा करडा मिळाला नव्हता.

चिंचेने पितळ उजळते हे घरोघर माहीत असते. डब्याच्या पत्र्यावर ती ठेवून दिली तर उलटे होते, हे मला माहीत नव्हते, कारण चिंच लावून कोणी ठेवून देत नाही. लावतात आणि घासतात.

मी आईकडे आणखी चिंच मागितली.

"आणखी?" ती म्हणाली.

"या वेळी घासायची नाही."

कोळात मी खडेमीठ कुटून घातले आणि बंपरवर व मडगार्डवर बोटाने थापले. उरलेला रंग ओल्या राखेने घासून काढावा लागला. त्यात अंगठ्याचे कातडे गेले. चिंच लावल्यावर अर्ध्या तासाने पाहिले, काही नव्हते. दोन तासांनी पत्रा फिका झाला. दुपारचे जेवण झाल्यावर तो दुधाळ दिसत होता. पाच वाजता करडा झाला. तिथे थांबायचे हे मी अंदाजाने ठरवले आणि धुतले. उजवीकडचा मडगार्ड डावीकडच्यापेक्षा तास-दीड तास जास्त ठेवला, कारण मामाची मोटार तशी होती.

पितळेला वेगळा उपाय लागला. मामीच्या घरी ताडीचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, होता. तिने एका बिस्किटांच्या डब्यात वाटीभर शिरका आणि मूठभर मीठ घातले. दिव्यांच्या कड्या हातानेच ओढून निघत. त्या मी शिरक्याला न टेकता वर सुतळीने टांगल्या आणि डबा बंद केला.

"हे कुणी शिकवलं?" मामीने विचारले.

मी सांगितले की शिरक्याच्या डब्याचे तिच्याच घरचे पितळी झाकण हिरवे झालेले मी पाहिले होते.

"माझ्या झाकणावर नजर ठेवतो," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्याचं लग्न करा आता."

दसऱ्याच्या सकाळी डबा उघडला. कड्या तपकिरी झाल्या होत्या आणि त्यांच्यावर हिरवे ठिपके होते. हिरवे बोटाने पुसले, तपकिरी राहिले. मुठींना मी जागेवरच शिरक्यात भिजवलेली चिंधी बांधून ठेवली होती. त्याही काळवंडल्या होत्या. मग मुठीचा जो भाग हातात येतो तेवढाच अंगठ्याने शंभरेक वेळा घासला. तिथे पितळ पुन्हा उजळले, पण चकाकले नाही.

अंगावरचे गोल ओरखडे सर्वांत जास्त नडले. राख वस्त्रगाळ करून, तळहाताने, वरून खाली अशा एकाच दिशेने घासत राहिलो. गोल मोडायला चार तास लागले. काळा रंग त्यामुळे धुळकट झाला. त्यावर चुलीमागची काजळी बोटाच्या टोकाने दाराच्या फटींत भरली आणि बाहेरची पुसून टाकली. शेवटी मामाची सुताराची पेन्सिल उंबऱ्याच्या दगडावर घासून संपवली. तिची भुकटी कडांवर, म्हणजे पायरीवर, मडगार्डच्या काठावर, बंपरच्या टोकांवर, तर्जनीने चोळली. रंग झिजून लोखंड उघडे पडावे तशी ती दिसते. जोर थोडाही जास्त झाला तर ती चमकते. दोनदा चमकली, दोनदा काढून पुन्हा चोळली.

आई दोन दिवस माझ्या जवळपास फिरत होती. तिने दोन वेळा विचारले, "झाली का पहिल्यासारखी?" पहिल्यासारखी नको आहे, असे मी सांगितले. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही. राख गाळून दिली.

चार वाजता मामा स्टेशनवरून परत आला. मोटारीला हार होता. मी माझी मोटार तिच्या बॉनेटवर ठेवली आणि आम्ही दोघे दहा पावले मागे गेलो. त्याने एक डोळा मिटला.

"बंपर माझा," तो म्हणाला. "डावा मडगार्ड माझा. उजवा अजून शेटच्या नव्या गाडीचा आहे."

उजवा मडगार्ड मी परत चिंचेत घातला. या वेळी तासभरच, पण जाड थर. सूर्य मावळायच्या आत धुऊन मामाला दाखवला. त्याने मान डोलावली.

सोने वाटून झाल्यावर वडिलांनी पाटावरची हत्यारे उतरवली. माझे ब्रश त्यांनी स्वतः आणून दिले. "घे. झाली मोकळी," ते म्हणाले. मोटारीकडे पाहून त्यांनी विचारले, "लागणार आहेत?"

"नाही."

ते मोटारीजवळ वाकले, पण हात लावला नाही. "उद्या कितीची गाडी?"

मी वेळ सांगितली. ते झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी केळी पाठवायच्या करंडीत सुकी पाने भरून मी मोटार नेली. अकराला पाच कमी असताना स्टुडिओत पोहोचलो. मागच्या मैदानात माती, दगड आणि गवताच्या मुळ्यांनी घाटाचे वळण उभारलेले होते. दुसरा माणूसही आलेला होता. त्याने आणलेली मोटार एका स्टुलावर होती. तिचे काम स्वच्छ होते, सांधे माझ्यापेक्षा चांगले होते. धातू रंगाने केलेला होता.

प्रमुखांनी दोन्ही मोटारी वळणावर शेजारी शेजारी ठेवल्या. ते पोटावर पालथे झोपले आणि गाल मातीला टेकवून पाहू लागले. बराच वेळ पाहिल्यावर त्यांनी हात लांब करून माझ्या मोटारीच्या बंपरवर बोट फिरवले. बोट काळे झाले.

"हे निघतंय," ते म्हणाले.

"वरची पेन्सिल निघेल. खालचा करडा नाही निघणार."

"कुठला रंग आहे हा?"

"रंग नाही. चिंच."

ते उठून बसले. "काय?"

मी सांगितले. मीठ, चिंच, सहा-सात तास. पितळेला ताडीचा शिरका. ब्रश का वापरला नाही हेही सांगितले, कारण त्यांनी विचारले. दुसरा माणूस हसला. प्रमुख हसले नाहीत.

"आणि हे निघणारं हाताळताना गेलं तर?"

"पडायच्या आधी मी एकट्याने उचलायची. कॅमेरा हात लावत नाही."

त्यांनी कॅमेरामनला बोलावले. कॅमेरामनने एकदा एका मोटारीवर आणि एकदा दुसरीवर भिंग लावले. दिवे लावले, दिवे हलवले. दुसऱ्या माणसाच्या बंपरवर पांढरा ठिपका दिसत होता. दिवा हलवला की तो सरके. माझ्या बंपरवर ठिपका नव्हता.

"ही," कॅमेरामन म्हणाला आणि माझ्या मोटारीच्या चाकाला पायाने स्पर्श केला.

प्रमुखांनी दुसऱ्या माणसाला चहा सांगितला.

मोटार तीनदा पाडली. पहिल्यांदा ती दगडाला अडकून मध्येच थांबली. मी तिला उचलून आणले, कडांवर पुन्हा पेन्सिलची भुकटी चोळली. दुसऱ्यांदा ती बरोबर पडली, पण धूर उशिरा आला. मधल्या वेळात प्रमुख माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"अशा किती करता येतील?" त्यांनी विचारले.

"चिंच मिळेल तितक्या."

"वसईत मिळते?"

"घरोघर."

तिसऱ्यांदा पडताना उजवा मडगार्ड उखडला आणि पुढचा दिवा फुटला. मोटार उलटी होऊन थांबली. बंपर वर आला, त्यावर धूर गेला. कॅमेरामनने हात वर केला.

साडेचार वाजता प्रमुखांनी मला कार्यालयात नेले. कारकुनाने कायम नोकरांचे मस्टर उघडले आणि माझे नाव, वय आणि पत्ता विचारला. पत्त्यात मी पापडी सांगितले. त्याने ते लिहिले, मी सही केली.